सभागृहं बांधून झाली, आता ती चालवणारी माणसं नेमा: नाशिकच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय: सहाही विभागांत पूर्णवेळ, पगारी समुदाय कला संयोजक नेमण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगते. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड या सहा विभागांत प्रत्येकी एक माणूस नेमा. त्या विभागातल्या लोकांच्या मोकळ्या वेळात गाणं, नाटक, चित्र, वाचन, खेळ, भटकंती यांना जागा आणि सोबत मिळवून देणं, एवढंच त्याचं काम असावं. त्याला पूर्ण पगार मिळावा, त्याचं रीतसर शिक्षण झालेलं असावं, आणि निवडणूक असो वा नसो, तो जागेवर असावा.

मी सिडकोत राहते. हेच काम मी तुकड्यातुकड्यांनी करत आले आहे. कधी एखाद्या संस्थेसाठी, कधी एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, कधी शाळेच्या निमित्ताने. माझ्याकडे नाटकाची, गाण्याची, वाचनाची आवड असलेली मुलंमुली येतात आणि विचारतात, "ताई, यात करिअर होतं का?" त्यांना द्यायचं खरं उत्तर आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

नाशिकला जागांची वाण नाही. शालिमारला कालिदास कलामंदिर आहे, स्मार्ट सिटीतून त्याचं नूतनीकरणही झालं. सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, त्याचं साईखेडकर नाट्यगृह आहे. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक, पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे. आणि गंगेवरची, म्हणजे गोदाकाठची पटांगणं तर आपलं उघडं नाट्यगृहच. यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, पाडव्याच्या आधी पाडवा पटांगणावर ढोल घुमतात, दिवाळीत पहाटेच्या मैफली रंगतात. याशिवाय वॉर्डावॉर्डांत समाजमंदिरं, अभ्यासिका, उद्यानं, जॉगिंग ट्रॅक आहेत.

जागा आणि कार्यक्रम यांच्या मधला माणूस मात्र दिसत नाही. सभागृहाला व्यवस्थापक असतो. तो तारखा देतो, भाडं घेतो, वीज आणि सफाई बघतो. ते काम महत्त्वाचंच आहे. पण या महिन्यात कोण आलं नाही, का आलं नाही, कोणाला यायचंय पण येता येत नाही, हे बघणं त्याच्याकडे कोणी सोपवलेलं नसतं. म्हणून सभागृह मागणाऱ्याला मिळतं आणि मागणं ज्यांना जमत नाही ते बाहेरच राहतात.

हे कसं घडतं, ते एका उदाहरणातून सांगते. सिडकोत आणि सातपुरात खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. धुळे-जळगावकडून कारखान्यांच्या कामाला आलेली, आता इथलीच झालेली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या घरी कानुबाई देवी बसते. रात्रभर बाया अहिराणीत गाणी म्हणतात, सोमवारी विसर्जन होतं. आमच्या भागातल्या एका आजींना ही गाणी इतकी पाठ आहेत की एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं निघत जातं. त्यांना लिहिता येत नाही. सून शाळेच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर लिहून घ्यायची, मध्येच कुकरची शिट्टी झाली की ओळ अर्धी राहायची.

आम्ही ठरवलं की या बायकांनी वर्षभर, आठवड्यातून एकदा तरी भेटायचं. जवळच्या एका सभागृहात विचारलं, तर भाडं लग्नाच्या दराने सांगितलं. तिथे दुसरा दरच नव्हता. मग एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. वॉचमन दादांनी दुचाक्या हलवून सतरंजी अंथरायला जागा करून दिली. वेळ ठरली दुपारी दोन ते चार, कारण चारला मुलं शाळेतून येतात आणि संध्याकाळी पाणी भरायचं असतं. पहिले काही आठवडे कोणी तोंडच उघडेना. मग कळलं की समोरच्या दुकानातून पुरुष मंडळी बघतात. एक जुनी चादर पडद्यासारखी बांधली आणि त्याच दिवशी आवाज लागला. पुढे त्यातल्याच एका दहावीतल्या मुलीने जुन्या चालीवर नवी कडवी रचली, कंपनीच्या बसची, अंबडच्या भोंग्याची. नवरात्रात त्या बायका उद्यानात शेजाऱ्यांसमोर गायल्या. तेव्हा चादर लागली नाही.

यात कलेचं शिक्षण किती आणि व्यवस्थापन किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. दुपारी दोनची वेळ शोधणं हे व्यवस्थापन, चादर बांधणं हेही व्यवस्थापन. त्या मुलीला "हे कानुबाईच्या गाण्यात चालतं का" असं विचारायला आजींकडे पाठवणं आणि आजींनी "चालतं" म्हटल्यावर गप्प राहणं, हे शिक्षण. हे ज्याला जमतं त्याला व्यावसायिक म्हणायला हवं. तसं आपण आज म्हणत नाही.

वेळेचा मुद्दा मोठा आहे. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतीत शिफ्ट चालतात. फर्स्ट शिफ्टचा माणूस पहाटे पाचला उठतो, त्याला रात्री साडेनऊचं नाटक परवडत नाही. सेकंड शिफ्टवाला तर तेव्हा मशीनवर असतो. त्यांना सुट्टीही वेगवेगळ्या दिवशी मिळते, सगळ्यांचा रविवार एक नसतो. शहराचं सांस्कृतिक वेळापत्रक मात्र ऑफिसला जाणाऱ्या घराला धरून बनलेलं आहे. कामगाराला नाटकाची आवड नाही असं मी कितीदा ऐकलं आहे. आवड आहे, वेळ जुळत नाही, आणि जुळवून द्यायला कोणी नाही. सातपुरात सकाळी साडेदहाला, सेकंड शिफ्ट कामाला निघायच्या आधी, तासाभराचा प्रयोग लावून बघावा, असं मला फार वाटतं. तो लावायला त्या भागात रोज वावरणारा माणूस हवा.

आता या कामात काय काय यावं लागतं, ते सांगते, कारण "आवड असली की झालं" हा समज फार पसरला आहे. उघड्यावर शंभर-दीडशे माणसांचा साधा कार्यक्रम करायचा तर ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते, मंडप असेल तर महापालिकेची. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, म्हणून ते दिवस कोणते हे आधी बघावं लागतं. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर हक्कधारकांच्या संस्थांचा परवाना. नाटक, संगीत, नृत्याचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे कित्येक हौशी मंडळांना माहीतच नसतं आणि ती भीतीपोटी तिकीटच लावत नाहीत. हिशेब ठेवता यायला हवा. लहान मुलांबरोबर काम करताना कोणते नियम कसोशीने पाळायचे ते कळायला हवं. चाकाच्या खुर्चीवरचा प्रेक्षक रॅम्पवरून आत आला, पण पुढे बसणार कुठे, हे आदल्या दिवशी पाहायला हवं. आणि नाशिकचं म्हणून एक वेगळं ज्ञान लागतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर येईल आणि पटांगणावरचे खांब, वायरी किती तासांत उचलायच्या, हे पावसाळ्यात कार्यक्रम धरणाऱ्याला माहीत असावंच लागतं.

हे सगळं आज जो तो ठेच खाऊन शिकतो. शिकेपर्यंत वय तिशीच्या पुढे जातं, आणि मग घरचे विचारतात की पगाराचं काय. आमच्या ओळखीतला सातपूरचा एक मुलगा राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजना करायचा. वस्तीतल्या मुलांना घेऊन पत्र्याच्या डब्यांचे दिवे बनवायचा, सावल्यांचं नाटक बसवायचा. आता तो लग्नांच्या स्टेजला लाइट लावतो. त्यात कमीपणा काही नाही, घर चालतं. पण त्याच्या वस्तीने एक शिक्षक गमावला. मानधन कार्यक्रम झाल्यावर, कधी कधी महिन्यांनी मिळतं, आणि बँक मानधनावर कर्ज देत नाही. आईवडिलांना दोष द्यायचं कारण नाही. ज्या कामाला पद नाही, वेतनश्रेणी नाही, बढती नाही, त्यात मुलाला कोण घालेल?

महापालिकेने हे का करावं, असा प्रश्न लेखा विभाग विचारील. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांकडे द्यायच्या कामांची यादी आहे. त्यातली 12 वी नोंद उद्यानं, बागा, क्रीडांगणं यांची, आणि 13 वी सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 66 व्या कलमात ऐच्छिक कर्तव्यांमध्ये वाचनालयं, संग्रहालयं, सार्वजनिक ठिकाणी संगीत यांना जागा आहे. म्हणजे अधिकार आहे. ऐच्छिक असल्यामुळे ते मागे पडतं, इतकंच.

आणि परंपराही आहे. रंगपंचमीची रहाड बघा. वर्षभर बुजवून ठेवलेला पेशवेकालीन हौद उघडायचा, साफ करायचा, पाणी भरायचं, रंग शिजवायचा, पूजा करायची, मग धप्पा, म्हणजे हौदात उडी मारायला आलेल्या गर्दीला रांगेत सोडायचं आणि कोणाला इजा होऊ द्यायची नाही. तिवंधा, शनिचौक, दिल्ली दरवाजा इथल्या मंडळींनी हे पिढ्यानपिढ्या सांभाळलं आहे. लोकांच्या आनंदाचं नेटकं व्यवस्थापन काय असतं ते त्यांना कोणी शिकवायला नको. उलट नव्या संयोजकाने पहिलं वर्ष त्यांच्या हाताखाली उमेदवारी करावी. तात्यासाहेबांनीही, म्हणजे कुसुमाग्रजांनी, याच शहरात 1950 मध्ये लोकहितवादी मंडळ उभं केलं. लेखक मोठा होताच, पण माणसं जमवणं हेही आपलं काम आहे असं त्यांनी मानलं. जुन्या नाशकात हा वारसा गल्लीगल्लीत आहे. सिडको, सातपूर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव इथे नवी वस्ती झपाट्याने वाढली, तिथे गल्ली तयार होण्याआधीच इमारती आल्या. म्हणून तिथे पगारी माणूस जास्त लागणार आहे.

बाहेरचं एक उदाहरण देते, कारण ते कारखान्यांच्या शहराला लागू पडतं. ब्राझीलमध्ये 1946 पासून सेस्क नावाची संस्था आहे. व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या मालकांनी पगारपत्रकाच्या ठरावीक टक्क्याने वर्गणी द्यायची आणि त्यातून कामगारांसाठी नाटक, पोहणं, वाचनालय, स्वस्त जेवण असं सगळं एका छताखाली चालवायचं. साओ पावलोमध्ये पिंपं बनवण्याचा एक जुना कारखाना त्यांनी घेतला. वास्तुविशारद लीना बो बार्डी पाहणीला गेल्या तेव्हा त्या ओसाड समजल्या गेलेल्या जागेत मुलं पळत होती, पोरं फुटबॉल खेळत होती, आया खाणं भाजत होत्या. त्यांनी ठरवलं की हे आहे ते मोडायचं नाही. कारखाना पाडला नाही, त्यालाच केंद्र बनवलं, आणि 1982 मध्ये ते सुरू झालं. आज त्या संस्थेत कार्यक्रम आखणारे, ग्रंथपाल, क्रीडा मार्गदर्शक, तंत्रज्ञ अशी माणसं नोकरीवर आहेत आणि तिथेच निवृत्तही होतात. आपल्याकडे बंगळुरूत 1993 साली सुरू झालेली इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना कलेच्या प्रकल्पांसाठी अनुदान देते. दोन्हीकडे पैसा माणसावर खर्च होतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शिक्षणाचं म्हणाल तर मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशकातच, गोवर्धनला आहे. नोकरी करत, घर सांभाळत शिकणाऱ्यांसाठीच ते 1989 मध्ये स्थापन झालं. महापालिका आणि मुक्त विद्यापीठ मिळून एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखू शकतील: निम्मा वेळ अभ्यास, निम्मा वेळ एखाद्या विभागात प्रत्यक्ष काम. शिकवायला कालिदासचे तंत्रज्ञ, रहाडीची मंडळी, ढोलपथकांचे प्रमुख, ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी आणि वाचनालयांचे ग्रंथपाल येतील. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा हे मुखवट्यांचं लोकनाट्य नाचवणारे, मुखवटे घडवणारे कलाकारही आले पाहिजेत, आणि त्यांना प्राध्यापकांइतकंच मानधन मिळालं पाहिजे.

पैशाबद्दल थोडक्यात. सहा पगार आणि प्रत्येक विभागाला छोटा कार्यक्रम निधी, एवढाच हा खर्च आहे. एका सभागृहाच्या डागडुजीपुढे तो फार मोठा नाही. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं हे विषय आहेत, त्यामुळे अंबड-सातपूरच्या कंपन्यांचा सीएसआर निधी कार्यक्रमांना मागता येईल. पगार मात्र महापालिकेनेच द्यावा. देणगीवर नेमलेला माणूस देणगीदाराच्या फोटोसाठी कार्यक्रम करू लागतो.

दोन भीती मलाही आहेत, त्या लपवत नाही. पहिली, हा संयोजक वाढदिवस, उद्घाटनं आणि सत्कारांचा मांडव घालणारा होऊन बसेल. दुसरी, काय गायचं आणि काय नाही हे तो लोकांना सांगू लागेल. म्हणून पदाच्या कामाच्या वर्णनातच लिहून ठेवा की त्याने कोणाही पदाधिकाऱ्याचा वैयक्तिक कार्यक्रम घ्यायचा नाही आणि कार्यक्रमाचा आशय मंडळींनीच ठरवायचा. त्याचं मूल्यमापन किती मोठा कार्यक्रम केला यावर नको. या वर्षी पहिल्यांदा कोण आलं, किती गट वर्षभर टिकले, दुपारी सभागृह किती दिवस उघडं होतं, यावर करा. निवड जाहिरात देऊन, प्रत्यक्ष काम बघून करा: उमेदवाराला एका अनोळखी वस्तीत पंधरा दिवस द्या आणि तिथल्या लोकांना विचारा.

2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14.86 लाख होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही एका संयोजकाकडे अडीच लाख माणसं येतील. सहा पदं ही अगदी कमीत कमी मागणी आहे.

सिंहस्थ 2027 मध्ये आहे. रस्ते, घाट, पूल यांची कामं आपल्यासमोर आहेत आणि त्यांची घाई मला समजते. पण सिंहस्थात शहराला हजारो स्वयंसेवक लागतात, गर्दीशी बोलणारी, वाट दाखवणारी, हरवलेल्या म्हातारीजवळ बसणारी माणसं लागतात. ज्या वस्तीत आधीपासून गट भेटत असतील तिथे ती तयार मिळतील. नेमणुका आत्ता झाल्या तर हे सहाजण सिंहस्थाआधी आपापला विभाग पायाखालून घालतील.

आपल्याकडे तीन गोष्टी मागते. येत्या अंदाजपत्रकात सहा पदांची आणि कार्यक्रम निधीची तरतूद. महापालिकेच्या प्रत्येक सभागृहाला आणि समाजमंदिराला लग्नाच्या भाड्याहून वेगळा, नियमित भेटणाऱ्या गटांसाठी दुपारचा दर. आणि मुक्त विद्यापीठाशी अभ्यासक्रमाबद्दल बोलणी. सिडको आणि सातपूर या दोन विभागांत कोणत्या वस्तीला कोणती वेळ मोकळी असते, त्याचं शिफ्टनुसार वेळापत्रक आम्ही काही जणांनी हाताने तयार केलं आहे. आपण वेळ दिलीत तर ते घेऊन राजीव गांधी भवनात येऊ. फक्त दुपारी दोन ते चार सोडून, कारण तेव्हा बायका गायला बसतात.

आपली,
सिडकोतली एक कार्यक्रम संयोजक